चलतीच्या आणि पडत्या काळात पोकरचा खेळ किती बदलावा?

आपण विचारले आहे की, गोव्यातील १००/२०० रुपयांच्या नो-लिमिट होल्डेमच्या (हातातले दोन आणि टेबलवरचे पाच सामाईक पत्ते, लावायच्या रकमेवर मर्यादा नसलेला पोकर) टेबलवर चलती असताना अधिक डाव खेळावेत आणि हार सुरू झाली की केवळ मोठ्या पत्त्यांची वाट पाहत बसावे, हा आपल्या मित्रमंडळींतला सल्ला कितपत बरोबर आहे. आपल्या गेल्या चार बैठका सलग तोट्याच्या गेल्या, त्यामुळे गोव्याच्या पुढच्या फेरीत खेळण्याची पद्धतच बदलावी का, किंवा निदान कमी ब्लाइंडच्या (दर डावाआधी दोघांना सक्तीने भराव्या लागणाऱ्या रकमा, इथे १०० आणि २०० रुपये) टेबलवर बसावे का, असेही आपण विचारता. माझे मत असे आहे की, चालू असलेल्या हार-जितीकडे पाहून कोणते पत्ते खेळायचे हे कधीही ठरवू नये. मात्र समोर किती स्टॅक (चिप्सची रक्कम) आहे, इतर खेळाडू आपल्याकडे कसे पाहत आहेत, टेबलची अवस्था काय आहे आणि आपले स्वतःचे डोके कितपत ठिकाणावर आहे, या गोष्टी सलग जिंकल्याने किंवा हरल्याने खरोखरच बदलतात, आणि खेळ बदलायचा तो तेवढ्यापुरताच.

आधी आकडे पाहू, कारण चार तोट्याच्या बैठका म्हणजे नेमके काय हे त्यांच्याशिवाय कळत नाही. समजा, या पातळीवरचा एक चांगला खेळाडू तासाला सरासरी ५ बिग ब्लाइंड, म्हणजे १,००० रुपये कमावतो. समोरासमोरच्या टेबलवर तासाला साधारण ३० डाव होतात, आणि तासाभराच्या निकालातील चढउतार, ज्याला सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणतात, ५० बिग ब्लाइंडच्या आसपास धरता येतो. एवढ्यावर हिशेब केला, तर सहा तासांच्या एका बैठकीतून हा चांगला खेळाडू तोट्यात उठण्याची शक्यता सुमारे ४० टक्के येते. २५ तासांच्या खेळानंतर ती ३१ टक्के असते आणि १०० तासांनंतरही १६ टक्के उरते, म्हणजे असे सहा चांगले खेळाडू घेतले तर त्यांतला एक १०० तास नीट खेळूनही वजाबाकीत असू शकतो. ठरावीक चार बैठका सलग तोट्याच्या निघण्याची शक्यता अडीच टक्के आहे. ती कमी वाटते, पण १०० बैठकांमध्ये अशी मालिका एकदा तरी येईल हेच अधिक संभवनीय आहे. त्यामुळे आपल्या चार बैठकांवरून आपण वाईट खेळता असे सिद्ध होत नाही. आपण चांगले खेळता असेही अर्थातच होत नाही.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडचे बरेच खेळाडू ऑनलाइन टेबलांवर शिकले, जिथे एकाच वेळी तीन-चार टेबले उघडून तासाला ३०० डाव सहज होत असत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि त्यांतले अनेक जण आता मांडवीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंत बसतात. जो चढउतार ऑनलाइन १० तासांत, ३,००० डावांत उरकत असे, त्याला गोव्यात १०० तास लागतात, आणि दोन-अडीच महिन्यांतून एकदा शनिवार-रविवार जाणाऱ्या माणसासाठी ते एक वर्षाहून अधिक होतात. डावांच्या मोजणीत जी मालिका अगदी लहान असते, ती दिनदर्शिकेवर सहा महिने पसरते आणि म्हणून मनावर फार मोठी होऊन बसते. पडता काळ किती लांब आहे हे महिन्यांत न मोजता डावांत मोजावे.

आता मित्रांच्या सल्ल्याकडे वळू. पत्ते प्रत्येक डावाला नव्याने पिसले जातात, त्यामुळे मागचे तीन पॉट (डावात जमलेल्या रकमा) कोणाकडे गेले याचा पुढच्या दोन पत्त्यांशी काहीही संबंध नसतो. चलती आहे म्हणून सुरुवातीच्या पोझिशनमधून, म्हणजे इतरांच्या आधी बोलावे लागते अशा जागेवरून, राजा-नव्वी किंवा एक्का-पंजी उचलली, तर ते पत्ते जितके तोट्याचे असतात तितकेच तोट्याचे राहतात. उलट बाजूचा सल्ला, म्हणजे हरताना केवळ मोठ्या जोड्यांची वाट पाहणे, सुरक्षित वाटतो, पण तोही महाग पडतो. नऊ जणांच्या टेबलवर वाटप सर्वांभोवती एकदा फिरण्याच्या प्रत्येक फेरीत ३०० रुपयांचे ब्लाइंड भरावे लागतात आणि ३० डावांत तीनहून थोड्या अधिक फेऱ्या होतात, म्हणजे काहीही न खेळता बसण्याचा खर्च तासाला १,००० रुपये आहे. एक्के, राजे किंवा राण्या यांच्या जोडीपैकी एकही चार तासांत न येण्याची शक्यता जवळपास पाचात एक आहे. अशा बैठकीत आखडून बसलेला खेळाडू ४,००० रुपये केवळ वाट पाहण्यावर घालवतो, आणि अखेर एक्क्यांची जोडी आली की त्याचे चार तासांचे मौन पाहिलेले सगळे फोल्ड करतात, म्हणजे डाव सोडून देतात.

खरा बदल कुठे होतो, तर पहिल्यांदा स्टॅकमध्ये, आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपण २०,००० रुपये घेऊन बसलात आणि दोन तासांत ते ५०,००० झाले, तर आपण आता वेगळ्या खेळात आहात. समजा, आपण ८०० रुपयांपर्यंत रेझ केले (रक्कम वाढवली) आणि दोघांनी कॉल केला (तेवढीच रक्कम भरली), तर ब्लाइंड धरून पॉट २,७०० रुपयांचा होतो. २०,००० च्या स्टॅकमध्ये आपल्यामागे पॉटच्या सातपट रक्कम उरते, तर ५०,००० च्या स्टॅकमध्ये अठरापट. सातपटीच्या खेळात एक्का-राजा घेऊन फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत) एक्का लागला, तर कमकुवत खेळाडूविरुद्ध बऱ्याचदा सगळे पैसे पॉटमध्ये नेता येतात. अठरापटीच्या खेळात तिन्ही रस्त्यांवर (फ्लॉप, चौथा पत्ता म्हणजे टर्न, पाचवा म्हणजे रिव्हर) मोठ्या बेट लावून एका जोडीवर पूर्ण स्टॅक गेला, तर समोर बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा सेट (हातातल्या जोडीला टेबलवर मिळालेला तिसरा पत्ता) असतो. म्हणून स्टॅक खोल झाला की वरच्या जोडीचे मोल घटते, पॉट आटोपशीर ठेवावा लागतो, आणि सेट, फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते), सरळ क्रम करू शकणाऱ्या पत्त्यांचे मोल वाढते, तेही पोझिशन हाती असेल, म्हणजे समोरच्यानंतर बोलायचे असेल, तरच. चलती असताना काही अधिक पत्ते खेळण्यास खरे कारण असेल तर ते हे आहे. नशिबाचा त्यात भाग नाही.

हे मोजताना दोघांपैकी लहान स्टॅक धरायचा असतो. आपल्यापुढे ५०,००० असून समोरच्याकडे १५,००० असतील, तर त्या डावापुरता आपलाही स्टॅक १५,०००च आहे आणि काहीही बदललेले नाही. आपल्याइतकाच खोल स्टॅक कोणापुढे आहे आणि तो आपल्या डाव्या हाताला बसला आहे की उजव्या, एवढे पाहूनच खेळ सैल करावा. तो चांगला खेळाडू असून डावीकडे असेल, तर जागा बदलून मागणे किंवा खेळ उलट आवळणे अधिक शहाणपणाचे.

हरताना हाच हिशेब उलटा चालतो. पंज्यांची जोडी घेऊन ८०० रुपयांचा कॉल करताना फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता साडेआठात एक असते, आणि सेट लागला तरी दर वेळी पूर्ण स्टॅक मिळत नाही. म्हणून कॉलच्या निदान पंधरापट, म्हणजे १२,००० रुपये दोघांच्याही मागे असावेत असा माझा नियम आहे. आपला स्टॅक ९,००० वर आला असेल तर लहान जोड्या आणि सत्ती-छक्कीसारखे लागोपाठचे पत्ते त्या रेझवर सोडून द्यावेत, आणि एक्का-राजा, एक्का-राणी, मोठ्या जोड्या यांच्यावर मात्र नेहमीपेक्षा निःशंकपणे पैसे लावावेत, कारण कमी स्टॅकमध्ये त्यांना भिण्याचे कारण कमी असते. याहून चांगला उपाय म्हणजे स्टॅक पुन्हा १०० बिग ब्लाइंडपर्यंत भरून घेणे. पण तो निर्णय टेबल चांगले आहे म्हणून घ्यावा, गेलेले परत मिळवायचे म्हणून नव्हे, आणि या दोहोंतला फरक प्रामाणिकपणे सांगता येत नसेल तर उठावे.

दुसरा बदल म्हणजे इतरांच्या नजरेतला आपण. तीन मोठे पॉट चांगले पत्ते दाखवून जिंकले असतील, तर लक्ष देणारे खेळाडू पुढचा काही काळ आपल्या बेटला मान देतात. कोरड्या फ्लॉपवर, म्हणजे जिथे फ्लश किंवा सरळ क्रमाची फारशी शक्यता नाही तिथे, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध लावलेली बेट अशा वेळी नेहमीपेक्षा अधिक वेळा यशस्वी होते. हरत असताना याच्या उलट घडते. आपण चिडलो आहोत असा इतरांचा समज होतो, ते आपल्या रेझवर हलके पत्ते घेऊन येतात आणि रिव्हरपर्यंत सोडत नाहीत. म्हणून हरताना ब्लफ जवळपास बंद करावेत, पण मध्यम चांगल्या पत्त्यांवर बेट लावणे वाढवावे, कारण कमकुवत पत्त्यांनी कॉल मिळण्याची ती सर्वांत चांगली वेळ असते. या पातळीवर निम्मे टेबल स्वतःच्या दोन पत्त्यांपलीकडे पाहत नाही, तेव्हा या साऱ्याला फार महत्त्व देऊ नये. ज्याने आपले मागचे डाव पाहिले आहेत त्याच्यापुरतेच ते लागू आहे, आणि टेबल बदलले की सगळे पुसले जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पत्त्यांविषयी नसून तासांविषयी आहे. या पातळीवरच्या खेळाडूंचे तास पाहिले तर बहुतेकांच्या बाबतीत एकच चित्र दिसते: जिंकत असले की दोन-तीन तासांत चिप्स रोख करून उठतात आणि हरत असले की पहाटेपर्यंत चिकटून बसतात. याचा परिणाम असा होतो की, टेबल सैल आहे, कोणीतरी मोठ्या रकमा उधळत आहे, आपला स्टॅक खोल आहे आणि डोके शांत आहे, अशा सर्वोत्तम अवस्थेत ते थोडे तास खेळतात. आणि चांगले खेळाडू उरले आहेत, झोप अनावर झाली आहे आणि मन पैसे परत मिळवण्यात गुंतले आहे, अशा सर्वांत वाईट अवस्थेत सर्वाधिक. एखाद्याची पत्त्यांची निवड अगदी बरोबर असली तरी तासांची ही वाटणी त्याची वर्षाची कमाई खाऊन टाकते. आपल्या बाबतीत तर परतीच्या वेळेचीही भर पडते. पुण्याची गाडी रविवारी रात्री सुटते, पुन्हा येणे दोन महिन्यांनी, त्यामुळे रविवारची दुपार ही हिशेब बरोबर करण्याची शेवटची संधी वाटू लागते. प्रत्यक्षात तो हिशेब पुढच्या फेरीच्या पहिल्या डावाला जोडूनच चालू राहणार असतो, हे मनाला त्या वेळी पटत नाही.

हे न पटणे माणसाच्या स्वभावातच आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा एक भाग हाच होता की, तोट्यात असलेला माणूस एरवी टाळला असता असा धोका पत्करायला तयार होतो. १९९० मध्ये रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी दाखवले की, तोटा पूर्ण भरून निघण्याची संधी समोर असेल तर तिचे आकर्षण विशेष असते, आणि आधी जिंकलेल्या पैशांनी जुगार खेळताना माणूस अधिक सैल होतो. पोकरपुरते पाहायचे तर गॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोठ्या रकमांच्या ऑनलाइन टेबलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि अनुभवी खेळाडूही मोठा पॉट हरल्यानंतर कमी सावधपणे खेळतात असे त्यात आढळले. म्हणजे टिल्ट, हरल्याने डोके बिघडून खेळणे, हा केवळ नवशिक्यांचा दोष नाही.

पण टिल्टचे एक शांत रूपही असते आणि कमी रकमेच्या टेबलवर तेच मला अधिक घातक वाटते. हरणारा खेळाडू नेहमी उधळतोच असे नाही. बऱ्याचदा तो घाबरतो. आपल्याकडे राजा-राणी आहे, टेबलवर राजा, अठ्ठी, तिर्री, सत्ती, दुर्री आहे, फ्लशची शक्यता नाही, पॉट ४,००० चा आहे आणि समोरचा माणूस कोणत्याही जोडीवर कॉल करणारा आहे. एरवी आपण इथे २,५०० ची बेट लावली असती. पण मागच्या दोन वेळा अशाच जागी दोन जोड्या दिसल्या, म्हणून आपण चेक करतो (काहीही न लावता पुढे जातो) आणि पॉट जिंकून सुटकेचा श्वास सोडतो. समजा, कॉल आल्यावर १०० पैकी ६५ वेळा आपण पुढे असतो, तर त्या प्रत्येक कॉलमागे ७५० रुपयांची कमाई होती. एका बैठकीत असे दोन कॉल सोडले तर १,५०० रुपये गेले, म्हणजे चांगल्या खेळाडूची दीड तासाची कमाई. हा तोटा कोणाला दिसत नाही, कारण चिप्स समोरून जात नाहीत. या टेबलांवर लोक फोल्ड कमी करतात आणि कॉल जास्त करतात, तेव्हा आपली जवळपास सगळी कमाई अशाच बेटांतून येते, आणि पडत्या काळात तीच पहिल्यांदा बंद पडते. म्हणून मालिका वाईट चालली असेल तेव्हा मी रिव्हरवर चेक करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: तासाभरापूर्वी जिंकत असतो, तर इथे किती लावले असते?

चलतीतल्या मनाबद्दल थोडे कमी लिहिले तरी चालेल. जिंकलेले पैसे कॅसिनोचे आहेत असे मानणे ही त्यातली मुख्य चूक आहे. चिप्स आपल्या समोर आल्या की त्या आपल्या. तिची खूण सहज ओळखता येते: इतरांच्या डावांकडे पाहणे थांबते आणि फोन किंवा गप्पा सुरू होतात. त्याच संध्याकाळी वरच्या ब्लाइंडच्या टेबलवर जाण्याची इच्छा झाली तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवावी.

मालिका नशिबाची आहे की खेळाची, हे ठरवायचे तर निकालाची वही पुरत नाही. मोठ्या पॉटांची वही लागते. ५० बिग ब्लाइंडपेक्षा मोठ्या प्रत्येक पॉटबद्दल चार गोष्टी लिहाव्यात: पैसे कोणत्या रस्त्यावर गेले, तेव्हा कोण पुढे होते, माझ्याकडे काय होते, आणि शेवटची वाढ कोणी केली. फ्लॉपआधीच एक्क्यांच्या जोडीने राजांच्या जोडीविरुद्ध सगळे पैसे लावून हरलात, तर तिथे काहीही सुधारायचे नाही. १०० पैकी १८ वेळा ते होणारच. पण अनेक पॉटांपुढे एक जोडी, टर्न किंवा रिव्हरवर समोरच्याचे रेझ, आणि आपला कॉल असे लिहिलेले आढळले, तर ते दुर्दैव नव्हे. कमी रकमेच्या टेबलवर एरवी गप्प असणारा खेळाडू रिव्हरवर रेझ करतो तेव्हा एक जोडी जवळपास नेहमीच मागे असते, आणि पडत्या काळात ‘दर वेळी ह्यालाच कसे लागेल’ या वैतागातून हे कॉल वाढतात.

राहिला प्रश्न पैशांचा आणि खाली उतरण्याचा. वरच्या आकडेवारीनुसार चांगल्या खेळाडूलाही १०० तासांत पाच बाय-इनचा (एक बाय-इन म्हणजे बसताना घेतलेले १०० बिग ब्लाइंड) तोटा होऊ शकतो. चाळिसात एकाला तो होईल. नियमित खेळणाऱ्याकडे म्हणूनच या खेळासाठी वेगळे काढलेले ३० बाय-इन असावेत, आणि तेवढे नसतील तर प्रत्येक फेरीची रक्कम ही सहलीचा खर्च मानून आधीच ठरवावी. एका बैठकीत दोन बाय-इन गेले की उठावे असे मी सांगतो. पत्ते आणखी वाईट येतील म्हणून नव्हे, तर एवढ्या तोट्यानंतर बहुतेकांचा निर्णय भरवशाचा राहत नाही म्हणून. तेवढीच रक्कम टेबलवर न्यावी आणि बँकेचे कार्ड खोलीवर ठेवावे. उसने घेऊन, घरखर्चाला हात लावून किंवा घरच्यांपासून लपवून खेळण्याची वेळ आली असेल, तर वरील एकही सूचना लागू होत नाही. तिथे खेळ थांबवून जवळच्या माणसाशी आणि समुपदेशकाशी बोलणे हेच काम उरते.

कमी ब्लाइंडचे टेबल उपलब्ध असेल आणि १०० बिग ब्लाइंड हरण्याच्या कल्पनेनेच रिव्हरवर हात आखडत असेल, तर जरूर खाली उतरावे; त्यात कमीपणा नाही. पुन्हा वर जाण्याची वेळ जिंकलेल्या रकमेवरून न ठरवता, मध्यम पत्त्यांवरची बेट पुन्हा न अडखळता लागते आहे का यावरून ठरवावी. तूर्त एवढे करावे की, या चार बैठकांतले मोठे पॉट आठवतील तेवढे पुढच्या फेरीआधी लिहून काढावेत. त्यांत रिव्हरवर एका जोडीने केलेले कॉल निम्म्याहून अधिक निघाले, तर बदल तिथेच करायचा आहे. तसे नसेल, तर १०० बिग ब्लाइंड घेऊन, आपण आधी ज्या पत्त्यांनी आणि ज्या पद्धतीने खेळत होता, त्याच पद्धतीने बसावे, आणि रविवारी दुपारी उठायची वेळ शुक्रवारीच ठरवून ठेवावी.